नवे इंजिन रुळविताना

आपल्या भागात घरोघरी ज्वारी जात्यावर दळली जाई, तेव्हा पाथरवट अधूनमधून येऊन जात्याला टाकी लावून जाई. टाकी लावल्यावर लगेच भाकरीचे पीठ कोणी दळीत नसे. आधी मूठ-दोन मुठी धान्य दळून काढीत आणि त्या पिठात दगडाची कच असे म्हणून ते टाकून देत. मोटारीच्या नव्या इंजिनाचेही पुष्कळसे असेच आहे.

सिलिंडरची आतील भिंत वरवर पाहता आरशासारखी दिसते. परंतु कारखान्यात तीवर मुद्दाम एकमेकींस छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा ओढलेल्या असतात. त्यांत तेल धरून राहते. पिस्टनभोवतीच्या रिंगा प्रथम या भिंतीस सर्वत्र सारख्या टेकत नाहीत. रेघांमधील उंचवट्यांवर तेवढ्या टेकतात. इंजिन चालता चालता हे उंचवटे झिजतात आणि रिंगा भिंतीशी जुळून येतात. असे झाले म्हणजे जळत्या वायूचा दाब खाली निसटत नाही व खालचे तेल वर चढून जळत नाही. जात्याची उपमा मात्र येथे संपते. कारण जात्याची खरखर टिकावी लागते, इंजिनाची मोडावी लागते.

ही खरखर किती जपून मोडावयाची, हे आम्हांस फार महागात पडून कळले. आमच्या घरी भालकी-औराद भागात प्रवासी नेणारी एक जीप होती. घरचा खर्च तिच्यावरच चाले. तिचे इंजिन जुने झाले तेव्हा कर्ज काढून सिलिंडरचे बोरिंग केले आणि नवे पिस्टन व रिंगा घातल्या. मिस्त्रींनी बजावले होते, “पंधरा दिवस हलक्या भाराने चालवा.” परंतु दुसऱ्याच दिवशी आठवड्याचा बाजार होता! बारा माणसे, त्यांची गाठोडी आणि चढाचा रस्ता. पावसाळ्यापूर्वीच निळा धूर दिसू लागला आणि रोज तेल घालावे लागू लागले. इंजिन पुन्हा उघडावे लागले व त्या हंगामाची सारी कमाई त्यात गेली.

भार व वेग एकाएकी वाढविल्यास घर्षणाची उष्णता इतकी होते की तेलाचा पातळ थर तुटतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. पण म्हणून गाडी गोगलगाईसारखी हाकावी, असेही नाही. ही दुसरी चूक सुशिक्षितांत अधिक आढळते. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. जळत्या वायूचा दाब त्यांच्या पाठीमागे शिरून त्यांना बाहेर रेटतो. इंजिनावर भारच नसला तर हा दाब अपुरा पडतो, भिंतीवर तेलाचा गुळगुळीत थर बसतो आणि रिंगा कायमच्या अर्धवट राहतात. नवी गाडी अंगणात तासन्‌तास नुसती चालू ठेवणे म्हणूनच बरे नव्हे.

जुन्या काळी इंग्लंडात नव्या मोटारीच्या मागील काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी चिठ्ठी लावीत. आजची यंत्रे अधिक बारकाईने घडविलेली असतात. तरीही बहुतेक कारखानदार पहिले सुमारे १,००० किलोमीटर जपावयास सांगतात. या काळात वेग सतत कमीजास्त करावा. बीदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीस जाणारा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता यास सोयीचा, कारण वाटेतील गावे वेग आपोआप बदलावयास लावतात. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर एकाच वेगाने तास-दोन तास धावणे मात्र टाळावे. चढावर इंजिन कण्हू लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये राहू नये, आणि सकाळी इंजिन गरम होण्यापूर्वी ॲक्सिलरेटर दाबू नये.

झिजलेल्या धातूचे कण तेलात उतरतात. तीच ही जात्याची कच. ते तेल केव्हा बदलावयाचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. रिंगा बसेपर्यंत तेल थोडे अधिक जळते, म्हणून गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पट्टी वरचेवर पाहावी.

दुसऱ्यांदा इंजिन बांधल्यावर वडिलांनी जीप दोन बाजारांना नेली नाही. सकाळी तीनचार माणसे घेऊन एक खेप करीत, संध्याकाळी एक. उधारी तेवढी वाढली. पण निळा धूर पुन्हा दिसला नाही.