तोंड उघडेनासें होण्यापूर्वीं

शरीराच्या आंतील भागांपैकीं मनुष्यास स्वतःच्या डोळ्यांनीं सहज पाहतां येईल असा भाग म्हणजे मुख. हृदय, फुप्फुसें किंवा यकृत यांची अवस्था जाणण्यासाठीं यंत्रांचें साहाय्य घ्यावें लागतें; तोंड मात्र आरसा घेऊन खिडकीपाशीं उभें राहिलें कीं दिसतें. सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून ओठ, हिरड्या, दांत, जीभ, टाळू, कंठ व सर्व मुख अशीं त्यांचीं सात स्थानें मोजलीं आहेत. इतक्या प्राचीन काळीं ज्या भागाचें एवढ्या बारकाईनें निरीक्षण झालें, त्याकडे आजचा सुशिक्षित गृहस्थ दाढ ठणकूं लागेपर्यंत पाहत नाहीं.

याचें कारण उघड आहे. वेदना नाहीं म्हणजे रोग नाहीं, अशी बहुतेकांची समजूत असते. मुखाच्या बाबतींत ही समजूत जितकी फसवी तितकी क्वचितच अन्यत्र असेल. गालाच्या आंत उठलेला मोहरीएवढा पांढरट फोड जेवण नकोसें करतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप नाहींसा होतो. उलट, ज्या विकारानें पुढें जन्माचें नुकसान व्हावयाचें, तो आरंभीं पुष्कळदां दुखत नाहीं. म्हणून तोंडाच्या रोगांत "किती दुखतें?" या प्रश्नापेक्षां "किती दिवस झाले?" आणि "तोंड किती उघडतें?" हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणासही घरच्या घरीं मिळूं शकतें. तर्जनी, मध्यमा व अनामिका हीं आपलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून वरच्या व खालच्या पुढील दांतांमध्यें घालून पाहावीं. निरोगी प्रौढ मनुष्याच्या तोंडांत तीं सहसा सहज मावतात. दोनच मावत असतील तर जबड्याची हालचाल कमी झाली आहे, आणि एकच मावत असेल तर रोग बराच पुढें गेला आहे, असें समजावें.

तोंड न उघडण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि तें एकाएकीं बंद झालें कीं हळूहळू, यावरून त्यांची पुष्कळ निवड होते. अक्कलदाढ अर्धवट वर आली असतां तिच्यावरील हिरडीच्या पापुद्र्याखालीं अन्न अडकतें, तेथें पू होतो, गाल सुजतो, ताप येतो आणि दोन-तीन दिवसांत जबडा आंवळला जातो. येथें पू काढून टाकणें, औषध देणें व पुढें जरूर तर दाढ काढणें हा उपाय आहे. हीच सूज हनुवटीखालीं दोन्ही बाजूंस पसरून जीभ वर उचलली गेली, किंवा श्वास व गिळणें अवघड झालें, तर एक तासही न दवडतां रुग्णालय गांठावें. जखमेनंतर कांहीं दिवसांनीं जबडा ताठरला तर धनुर्वाताची शंका घ्यावी. तेथेंही विलंब प्राणघातक ठरतो. कानासमोरील सांध्यांत चावतांना कटकट वाजणें व दुखणें हा सांध्याचा किंवा स्नायूंचा विकार होय. मऊ आहार, शेक, विश्रांति आणि दांत आंवळण्याची संवय सोडणें यांनीं तो बहुधा आटोक्यांत येतो. मोठी जांभई देतांना जबडा निखळून तोंड मिटेनासें झालें, तर वैद्य खालच्या दाढांवर अंगठ्यांनीं दाब देऊन जबडा प्रथम खालीं व मग मागें ढकलून जागेवर बसवितो. घरच्यांनीं मात्र हा प्रयोग करूं नये.

हीं सर्व दुखणीं स्वतःची वर्दी देतात. परंतु महिनोन्‌महिने कांहीं न बोलतां तोंड मिटवीत नेणारा एक विकार आहे. त्याचा महाराष्ट्राशीं फार जवळचा संबंध असल्यानें त्याचें वर्णन थोडें विस्तारानें करणें जरूर आहे. डॉक्टर त्यास सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या मऊ अस्तराखालीं टणक तंतूंचा थर बसत जाणें, हा त्याचा अर्थ. १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनीं पूर्व आफ्रिकेंतील केनियांत राहणाऱ्या पांच भारतीय स्त्रियांमध्यें या रोगाचें वर्णन केलें. पुढच्याच वर्षीं, १९५३ साली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं आपल्याकडील रोगी पाहून त्यास आजचें नांव दिलें. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग व मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनीं त्याची व्याख्या निश्चित केली. मुंबईंतील रोगी आणि समुद्रापलीकडे वसलेल्या भारतीय स्त्रिया यांना जोडणारा दुवा पुढें हळूहळू स्पष्ट झाला. तो दुवा म्हणजे सुपारी.

सुपारीचें नांव घेतांच पुष्कळांस आश्चर्य वाटेल. तंबाखू वाईट हें आतां सर्वमान्य आहे. पण अडकित्त्यानें कातरलेली दोन खांडें जेवणानंतर तोंडांत टाकणें यास व्यसन कोण म्हणेल? विड्याचें तबक हें तर आतिथ्याचें चिन्ह. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची कीर्ति सर्व महाराष्ट्रभर आहे. ज्या घरांत तंबाखूस मज्जाव असतो, त्याच घरांत मुखशुद्धि म्हणून सुगंधी सुपारीची डबी बैठकींत उघडी असते आणि मुलांच्याही हातावर चिमूटभर ठेविली जाते. नेमकी येथेंच फसगत होते. हा रोग जडण्यास तंबाखूची गरज नाहीं. एकटी सुपारी त्यास पुरेशी आहे.

तिचें कार्य असें चालतें. सुपारींत अरेकोलीन नांवाचें एक द्रव्य असतें. तें तोंडाच्या अस्तरांतून आंत झिरपलें कीं तेथील पेशी कोलॅजन नांवाचे तंतु प्रमाणाबाहेर निर्माण करूं लागतात. सुपारींतील तुरट द्रव्यें हे तंतु लौकर विरघळूं देत नाहींत आणि तिच्यांतील तांबें त्यांची वीण अधिक घट्ट करणाऱ्या क्रियेस जोर देतें. तंतूंची निर्मिति वाढली व त्यांचा नाश कमी झाला, म्हणजे गालाचें लवचिक अस्तर हळूहळू चामड्यासारखें ताठर बनतें. सुपारीचें खांड गालांत धरून ठेवण्याची संवय असेल, तर तेथें हा परिणाम अधिक होतो. विदर्भांतील खर्रा, इतरत्र खाल्ला जाणारा मावा, गुटखा व पानमसाला या सर्वांत मुख्य अंश सुपारीचाच असतो. महाराष्ट्र शासनानें २०१२ साली गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. परंतु घरांतील डबीवर बंदी घालण्याचें काम घरच्यांचेंच आहे.

रोगाचीं पहिलीं लक्षणें इतकीं साधीं असतात कीं तीं आम्लपित्तावर ढकललीं जातात. नेहमींची आमटी एकाएकीं तिखट लागूं लागते. ठेच्याचें नांव नकोसें होतें. तोंडांत आग होते, मधूनमधून बारीक फोड येतात, तोंड कोरडें पडतें. घरांत स्वयंपाकास दोष दिला जातो, आणि खरा दोषी डबींतच राहतो. पुढें गालांची आंतील गुलाबी त्वचा फिकट, संगमरवरासारखी पांढुरकी दिसूं लागते. बोट फिरविलें असतां दोरीसारखे उभे पट्टे हातास लागतात. शीळ घालतां येत नाहीं, गाल फुगवितां येत नाहींत, जीभ पूर्वीइतकी बाहेर निघत नाहीं. शेवटीं घांस लहान करावा लागतो, आणि दांत दुखला तरी दंतवैद्याचें उपकरण आंत जाऊं शकत नाहीं.

याहूनही मोठें भय पुढें आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. पेमास्टर यांनीं १९५६ सालींच या रोगाच्या भूमीवर कर्करोग उद्भवतो याकडे लक्ष वेधलें होतें. पुढें केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. त्यांपैकीं ५ जणांस, म्हणजे शेंकडा ७.६ जणांस, मुखाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ साली सुपारीची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

उपचारांविषयीं प्रथम एक अप्रिय सत्य सांगितलें पाहिजे. एकदां बसलेले तंतु पूर्णपणें काढून टाकील असें औषध नाहीं. म्हणून पहिला व मुख्य उपाय म्हणजे सुपारी सर्वथा सोडणें. कमी करणें नव्हे, तर सोडणें. आरंभींच सोडल्यास रोगाची वाढ थांबण्याची पुष्कळ आशा असते. संवय सुटण्यास पहिले कांहीं आठवडे कठीण जातात; त्या काळांत बडीशेप, ओवा किंवा धन्याची डाळ हातीं ठेवावी आणि घरांतील इतरांनींही डबी दृष्टीआड करावी. दुसरा उपाय व्यायामाचा. वैद्य चपट्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दाढांमध्यें ठेवावयास सांगतात आणि कांहीं दिवसांनीं त्यांत एकेक पट्टीची भर घालतात. हा व्यायाम दिवसांतून अनेक वेळां व महिनोन्‌महिने करावा लागतो. कंटाळून सोडणाराच येथें हरतो. मध्यम अवस्थेंत तंतु सैल करणारीं व दाह शमविणारीं औषधें गालाच्या अस्तराखालीं सुईनें टोंचतात. तोंड फारच मिटलें असल्यास शस्त्रक्रियेनें ते पट्टे छेदून त्या जागीं गालाच्या आंतील चरबी किंवा नाकाशेजारची त्वचा बसवितात. परंतु शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम टाळला, अथवा सुपारी पुन्हां सुरू केली, तर जबडा पुनः आंवळला जातो.

म्हणून प्रत्येक घरांत महिन्यांतून एकदां मुखपरीक्षेची चाल पडावी. हात धुवून, कवळी असल्यास काढून, भरपूर उजेडांत आरशासमोर उभें राहावें. ओठ उलटून पाहावे. गाल बोटानें बाजूस ओढून आंतील भाग पाहावा. जिभेचें टोंक रुमालानें धरून तिच्या दोन्ही कडा व खालचा भाग पाहावा. मान वर करून टाळू पाहावा. जबड्याखालीं व मानेवर बोटें फिरवून गांठ लागते का तें पाहावें. आणि अखेरीस तीन बोटांचें माप घ्यावें.

या परीक्षेंत पुढील गोष्टींपैकीं एकही आढळली तर वैद्याकडे जाण्यास उशीर करूं नये. दोन आठवड्यांत भरून न आलेला व्रण. पुसून न जाणारा पांढरा किंवा मखमलीसारखा लाल डाग. मानेंतील टणक गांठ. कारणावांचून हलूं लागलेला दांत. खालच्या ओठास आलेला बधिरपणा. तुटक्या दांताचें टोंक घांसून व्रण झाला असेल, तर तें टोंक गुळगुळीत करून घेतल्यावर दोन आठवड्यांत तो भरावयास हवा. न भरल्यास वैद्य त्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतो. तुकडा काढल्यानें कर्करोग पसरतो ही समजूत निराधार आहे. तपासणी टाळण्यांत गेलेले महिने मात्र पुन्हां मिळत नाहींत. आरंभींचा मुखाचा कर्करोग शस्त्रक्रियेनें वा किरणोपचारानें पुष्कळदां बरा होतो. जबड्याच्या हाडांत व मानेंतील गांठींत पसरल्यावर तोच दुःसाध्य होतो.

पूजेच्या तबकांत गणपति म्हणून मांडलेल्या सुपारीस कोणाचाही आक्षेप नाहीं. तिचें स्थान तेथेंच असावें. पाहुण्यांपुढें बडीशेपेची वाटी ठेवल्यानें आतिथ्यास उणेपणा येत नाहीं. आणि ज्या घरीं आज आमटी अकारण तिखट लागूं लागली आहे, तेथें मसाल्याच्या डब्यास दोष देण्यापूर्वीं सर्वांनीं एकदां तीन बोटांचें माप घेऊन पाहावें.