हवा गेली तरी गाडी चालते, पण कुठपर्यंत?

आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवरच्या गाड्या पंक्चर झाल्या की एकच गोष्ट होते. गाडी ढकलत नाक्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत न्यायची. काही महागड्या कारना ही वेळ येत नाही. टायरमधली सगळी हवा गेली तरी त्या चालत राहतात. या टायरना रन-फ्लॅट म्हणतात. अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला १९९७ पासून ते स्टँडर्ड आले आणि डिकीतली स्टेपनी गेली. पुढे बीएमडब्ल्यूने ते आपल्या बऱ्याच मॉडेल्सना दिले. अशी गाडी सेकंड-हँड घेणाऱ्यांना मात्र टायर झिजले की हमखास प्रश्न पडतो : याच्या जागी साधे टायर टाकले तर?

आमच्याकडे या प्रश्नावरून दोन पार्ट्या पडल्या. माझी मावशी साताऱ्याला डॉक्टर आहे. रात्री-अपरात्री वाई, पाचगणीकडे पेशंट बघायला एकटी गाडी घेऊन जाते. तिचं म्हणणं, पसरणी घाटात रात्री दोन वाजता मला टायर बदलायला लावू नका. काकांना मणक्याचा त्रास आहे. ते म्हणतात, या टायरपेक्षा बैलगाडी बरी. दोघांनी मिळून मला पकडलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग."

आधी आत काय आहे ते बघू. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन मुख्यतः रबर नाही, आतली हवा पेलते. हवा गेली की साईडवॉल (टायरचा गाल म्हणा हवं तर) कागदासारखा दुमडतो आणि रिम रस्त्यावर टेकते. रन-फ्लॅटच्या गालात आतून जाड, कडक रबराचा थर भरलेला असतो. हवा नसेल तेव्हा हा गालच वजन उचलतो. पण किती वेळ? कंपन्या साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटर असं सांगतात. मावशीच्या गाडीचा साईझ २२५/४५ आर १७. याचा घेर जवळपास २ मीटर भरतो, म्हणजे ८० किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४० हजार वेळा फिरतं, सेकंदाला ११ वेळा. प्रत्येक फेरीत गाल वाकतो, सरळ होतो, आणि रबर असं वाकलं की तापतं. एक तास त्याने ही उष्णता सोसली तरी खूप झालं. म्हणून असा हवेविना चाललेला टायर नंतर वरून चांगला दिसला तरी तो सहसा दुरुस्त करत नाहीत, कारण आतून गालाचं काय झालंय ते दिसत नाही.

आता काकांची तक्रार. व्हायब्रेशन्स शिकलेल्यांना हे आवडेल. पुस्तकात सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा स्टिफनेस साधारण २० आणि टायरचा २०० न्यूटन प्रति मिलिमीटर धरतात. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकूण १८.२. समजा रन-फ्लॅट २० टक्के कडक आहे, टायरचा आकडा झाला २४०. एकूण किती? १८.५. काहीच फरक नाही! मग काका उगाच ओरडतात का? नाही. हे गणित रस्त्याच्या लांबलचक चढउताराला लागू होतं. पुलावरचा जॉइंट किंवा खड्ड्याची धारदार कड लागते तेव्हा सगळं काही मिलिसेकंदात होतं, चाकाला वर उचलायला सवडच मिळत नाही. तो उंचवटा एकट्या टायरने गिळायचा असतो, आणि टायर २० टक्के कडक असेल तर धक्काही जवळजवळ तेवढाच जास्त. शिवाय रन-फ्लॅट वजनाला जड, त्यामुळे चाक आणखी सुस्त. आपल्या रस्त्यांवर धारदार कडांची टंचाई नाही. तेव्हा या बाबतीत मी काकांच्या पार्टीत.

पण मावशीचा मुद्दा आरामाचा नाहीच. तो त्या ८० किलोमीटरचा आहे. जर्मनीत ८० किलोमीटरमध्ये बहुधा तो टायर ठेवणारं दुकान येतं. आपल्याकडे हायवेला पंक्चरवाला दर थोड्या अंतरावर असतो, पण त्याच्याकडे स्ट्रिप आणि मशरूम पॅच असतात, २२५/४५ चा रन-फ्लॅट नाही. म्हणजे रन-फ्लॅट तुम्हाला उजेडाच्या ठिकाणी आणून सोडतो, पुढचे दोन दिवस तुम्ही टायरची वाट बघता. तरीही रात्री दोन वाजता एकट्या बाईला उजेडाचं ठिकाण ही लहान गोष्ट नाही. आणखी एक, टायर वेगात फुटला तर रन-फ्लॅट रिमवर बसून राहतो, गाडी हातात राहते. हा फायदा डिकीतल्या कुठल्याही किटने भरून निघत नाही.

बदलायचंच असेल तर रिमची अडचण नाही. रन-फ्लॅटच्या रिमवर साधे टायर बसतात (उलटं मात्र करू नये, रन-फ्लॅटसाठीच्या रिमला बीड धरून ठेवायला वेगळा उंचवटा असतो). साईझ तोच, आणि लोड इंडेक्स व स्पीड रेटिंग आधीइतकं किंवा जास्त. टायरवर ९१ डब्ल्यू असेल तर एका टायरला ६१५ किलो आणि ताशी २७० किलोमीटर. जुना टायर रन-फ्लॅट आहे का हे गालावरच लिहिलेलं असतं. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, काँटिनेंटल एसएसआर, मिशेलिन झेडपी. झेडपीचा जिल्हा परिषदेशी संबंध नाही, झिरो प्रेशर! दुकानदाराने "पुढचे दोन आत्ता टाका, मागचे नंतर बघू" असं सुचवलं होतं. नको. पुढे मऊ आणि मागे कडक असं झालं तर वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो. चारही एकदम बदला. स्टिअरिंग थोडं सुस्त वाटेल, कारण ते सस्पेन्शन रन-फ्लॅट धरून ट्यून केलेलं असतं.

मग डिकीत काय? सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर खिळ्याच्या भोकाला चालतो, गाल फाटला तर निरुपयोगी. (गाल फाटला तर रन-फ्लॅटही हात टेकतो, हे मावशीला माहीत नव्हतं.) कायद्याने स्टेपनीची सक्ती नाही. केंद्राने २०२० मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि रिपेअर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी कारला ती नसली तरी चालते. पण घाटात कायदा चाक बदलून देत नाही. म्हणून मी अट घातली : स्पेस-सेव्हर स्टेपनी, जॅक आणि पाना घेणार असाल तरच साधे टायर. डिकीत खाच नसते, तेव्हा स्टेपनी पट्ट्याने घट्ट बांधायची, नाहीतर जोराच्या ब्रेकला ती पुढे येते. मावशीने एका रविवारी अंगणात स्वतः चाक काढून लावलं. पहिल्यांदा बोल्ट सुटेनात, मग पान्यावर उभी राहिली. काका टॉर्च धरून होते, भर दुपारी.

टायर बसले की टीपीएमएस रिसेट करायला विसरू नका. काही गाड्यांमध्ये वेगळा सेन्सर नसतो, एबीएसच्या सेन्सरवरून कुठलं चाक जास्त वेगात फिरतंय ते बघून हवा कमी झाल्याचं ओळखतात, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं. चारही टायर थंड असताना हवा बरोबर भरायची आणि मगच रिसेट, नाहीतर चुकीचा आकडाच ती बरोबर धरून बसते. मावशीची आता महिन्याला दोनदा हवा तपासते, क्लिनिकला जाण्याआधी, बीपीच्या पेशंटसारखी.