सोनगीरचा हंडा आणि जखमेवरची चांदी

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं उत्तरेला निघालं की किल्ल्याच्या पायथ्याशी सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तांबट पत्रा भट्टीत तापवून मऊ करतो, ठोकून त्याला आकार देतो आणि शेवटी मठारतो. हंडा हातात फिरत राहतो, ठोक्याशेजारी ठोका पडतो. धातू कठीण होतो, अंगावर चकाकत्या टिकल्या उमटतात. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई लागते. पाण्याच्या हंड्याला नाही, कारण तिथं तांबं पाण्याला भिडायला हवं.

भिडलेल्या तांब्याचे आयन पाण्यात उतरतात आणि जंतूंना मारतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तेव्हा ते जंतू पुन्हा वाढवता आले नाहीत.

जखमेवर हेच काम चांदी करते. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी पुढे आणलं. चांदीच्या पट्ट्या त्यानंतरच्या. त्या बांधताना परिचारिकेचा हात पाहण्यासारखा असतो. आधी जखम सलाइननं धुवायची, मेलेलं मांस डॉक्टरांनी काढायचं. मग अतिसूक्ष्म चांदीची पट्टी ओली करायची, पण सलाइननं नव्हे, निर्जंतुक पाण्यानं. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला बांधून टाकतं आणि तिचा जोर जातो. खाली तेलकट मलमही चालत नाही. पट्टी कोरडी पडली तर आयन सुटतच नाहीत. म्हणून वर ओल टिकवणारी दुसरी पट्टी. प्रकारानुसार ती तीन ते सात दिवस राहते. सोडल्यावर कातडी काळपट दिसली तर घाबरू नये, तो बहुधा चांदीचा डाग असतो.

मात्र चांदी म्हणजे हमखास इलाज नव्हे. ती जंतुसंसर्ग झालेल्या जखमेसाठी आहे, स्वच्छ जखमेसाठी नाही. दोन आठवड्यांनी जखम पुन्हा तपासून ती चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवावं, असं २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं सांगितलं. मधुमेहीच्या पायाची जखम नुसती लवकर भरावी म्हणून चांदीची पट्टी वापरू नये, असंही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. तिथं साखर, रक्तपुरवठा आणि पायावरचा भार आधी सांभाळावा लागतो.

कापसाच्या, केळीच्या शेतात अनवाणी उतरणाऱ्या मधुमेहींनो, रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात पाहा. सूज, पू किंवा काळसर डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.