सासवडचे माळी आणि कालव्याचा मुलूख

मेनोनाइट पंथाचे शेतकरी १९२७ साली कॅनडातून आणि १९३० साली रशियातून पॅराग्वेच्या चाको या रुक्ष मुलखात गेले. तिथे त्यांनी गावे वसवली, सहकारी संस्था काढल्या. पण नवा मुलूख वसवणारे पाहायला आपल्याला एवढे लांब जायचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सासवडच्या माळ्यांकडे बघा.

सासवड कऱ्हाकाठी असले तरी पाणी बेताचे. विहिरीच्या मोटेवर बागाईत करणारी ही माणसे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, तेव्हा बारामतीकडचा जिरायत शेतकरी उसाला बिचकत होता. उसाला भांडवल लागते, खत लागते, अन् ते त्याच्यापाशी कुठले? माळी तिकडे सरकले. जमिनी खंडाने घेतल्या, पेंड घातली, गुऱ्हाळे टाकली. पुढे गोदावरी, प्रवरा, नीरा उजवा असे कालवे निघाले, तसतशी बिऱ्हाडे पुढे गेली.

मग १९२९ नंतरच्या मंदीत गुळाचा भाव कोसळला. खंड तर द्यायचाच. गुळावर भागत नाही म्हटल्यावर या बागाईतदारांनी १९३२ साली अकलूजजवळ सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. १९३४ साली गाळप सुरू झाले आणि माळावर माळीनगर उभे राहिले. ती कंपनी होती, सहकारी संस्था नव्हे. पण भाग उसवाल्यांचेच. प्रवरेचा सहकारी कारखाना गाळपास लागला तो १९५०-५१ साली!

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. मूळ मालकाच्या पदरात नुसता खंड पडला, आणि पुढे खंडाच्या जमिनींचा प्रश्न कित्येक वर्षे चिघळला. दुसरे, नीरेच्या कालव्यावर पाणी अति झाले, निचरा नाही, आणि चांगली काळी राने चोपण झाली. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघाले ते याच मुलखात. आपण लावतो तो को ८६०३२ तिथूनच प्रसारित झाला.

घोड आणि चासकमानच्या पाण्यावर आपल्याकडेही काही रानांत पांढरी फुटू लागली आहे. पाळी आली म्हणून पाणी सोडून घरी जाऊ नका. ज्यांच्या सऱ्यांत पाणी तुंबते, त्यांनी लागणीआधी चर काढून घ्यावेत आणि मातीचा नमुना आमच्या गटातील स्लिपबॉयकडे द्यावा.