न्यूट्रॉनमधून निघालेला इलेक्ट्रॉन आत होता कुठे?

केंद्रकाबाहेरचा सुटा न्यूट्रॉन सरासरी सुमारे १५ मिनिटांत मोडतो. त्यातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो निघतात. शेंग फोडली की दाणे बाहेर येतात, तसे हे तिघे आत दडलेलेच असणार, असं कुणालाही वाटेल. न्यूट्रॉनचा शोध १९३२ मध्ये लागला. त्याआधी मोठमोठे भौतिकशास्त्रज्ञही केंद्रकात इलेक्ट्रॉन असतात असंच धरून चालत.

वस्तुस्थिती तशी नाही. अणूतून प्रकाशकण निघतो, पण तो आधीपासून अणूत साठवलेला नसतो. निघतानाच निर्माण होतो. एन्रिको फर्मी यांनी १९३४ मध्ये हाच विचार इलेक्ट्रॉनला लावला. न्यूट्रॉन मोडतो त्या क्षणाआधी तो इलेक्ट्रॉन कुठेच नसतो.

मग तो येतो कशातून? पुंजक्षेत्र सिद्धांताचं उत्तर असं: साऱ्या विश्वात इलेक्ट्रॉनचं एकच क्षेत्र पसरलेलं आहे. त्यातली उत्तेजना मोजता येते, एक, दोन, तीन अशी. दीड कधीच नाही. अशा एका उत्तेजनेचं नाव इलेक्ट्रॉन. सगळ्या इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान आणि विद्युतभार तंतोतंत सारखा का, हे कोडं इथे सुटतं. मला या सिद्धांतातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

‘हा इलेक्ट्रॉन’ आणि ‘तो इलेक्ट्रॉन’ हा भेदही मग टिकत नाही, हे एका टकरीच्या गणितात दिसतं. मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं गणित करत होते. दोघे एकमेकांना ढकलून दूर गेले, एवढंच धरून भागत नाही. जोडी नष्ट होऊन नवी जोडी जन्मली, ही शक्यताही त्यात मिळवावी लागते, हे त्यांनी १९३६ च्या निबंधात दाखवलं. दोन्ही शक्यता एकत्र मिळवल्यावरच उत्तर येतं. त्यामुळे आत गेलेलाच इलेक्ट्रॉन बाहेर आला का, या प्रश्नाला अर्थच उरत नाही. या टकरीला आज भाभांचंच नाव आहे.

‘निर्वातात कण सतत जन्मतात आणि मरतात’ हे वाक्य लोकप्रिय लेखनात फार भेटतं, आणि त्याने फार घोटाळा केला आहे. निर्वात ही क्षेत्रांची सर्वांत कमी ऊर्जेची स्थिर अवस्था. तिथे काळानुसार काहीच बदलत नाही. त्या वाक्यातले कण म्हणजे ‘आभासी कण’, आणि ते आकडेमोडीतल्या पदांचं नाव आहे. ही आकडेमोड मांडणाऱ्या, भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांच्या आकृत्यांत त्यांच्या रेषा दिसतात, पण कुठलंही उपकरण त्यांना टिपत नाही.

निदान खऱ्या कणांची संख्या तरी पक्की असेल? तीही सर्वांसाठी सारखी नाही. स्थिर निरीक्षकाला जे निर्वात दिसतं, तेच सतत वेग वाढवत जाणाऱ्याला कोमट कणांनी भरलेलं दिसेल, असं विल्यम उनरू यांनी १९७६ मध्ये मांडलं. हा परिणाम कमालीचा क्षीण आहे. त्या कणांचं तापमान अवघं एक केल्विन व्हायचं, तरी पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५ अब्ज अब्ज पट त्वरण लागेल.