रब्बी ज्वारीची मुळे ओल कशी गाठतात?

जानेवारीत सोलापूर, मंगळवेढा, करमाळा भागातून जाताना एक दृश्य हमखास दिसते. एकाच बांधाला लागून दोन शेते. दोन्हीकडे मालदांडी, पेरणी एकाच आठवड्यातली, पाऊसही तोच. एका शेतात कणसे भरत आली आहेत आणि वरची पाने हिरवी आहेत. दुसऱ्या शेतात खालची पाने करपून वर चढत चालली आहेत, कणसे अर्धवट भरलेली आहेत आणि वाऱ्याने ताटे लोळू लागली आहेत. खत कमी पडले, बियाणे खराब निघाले, अशी कारणे सांगितली जातात. बहुतेक वेळा खरे कारण जमिनीखाली असते.

कोरडवाहू रब्बी ज्वारीचे गणित इतर पिकांपेक्षा वेगळे आहे. खरीप पिकाला पाऊस अधूनमधून मिळत राहतो. रब्बी ज्वारीची पेरणी होते तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. परतीचा एखादा पाऊस झाला तर ठीक, नाहीतर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच चार महिने काढायचे असतात. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मि.मी. पाणी साठते. ही ओल वरून खाली आटत जाते. आधी चार बोटे, मग वीतभर, मग हातभर. आटणाऱ्या ओलीच्या पुढे राहणे हे मुळांचे काम. ही शर्यत मुळे हरली की वर कितीही खत घातले तरी उपयोग होत नाही.

ज्वारीला मुळे दोन प्रकारची

बी रुजते तेव्हा एकच मूळ सरळ खाली जाते. रोपाला चार-पाच पाने आल्यावर जमिनीलगतच्या पेऱ्यांतून दुसरी मुळे फुटू लागतात. पुढे पिकाचा बहुतेक भार याच मुळांवर असतो. पाणी तीच ओढतात, ताटाला आधारही तीच देतात.

अडचण अशी की ही मुळे फुटतात ती जागा जमिनीच्या अगदी वरच्या थरात असते. त्या दिवसांत वरचा थर कोरडा असेल तर ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढून तिथेच वाळतात. रोप एकट्या पहिल्या मुळावर जगते, मरत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या लक्षातही येत नाही. पुढे वाढ खुंटते आणि कणीस लहान राहते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या पेरणीच्या मुदतीवर कृषी विद्यापीठे इतका भर देतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे. वेळेवर पेरलेल्या पिकाची पेऱ्यावरची मुळे वरची ओल टिकून असतानाच धरतात. ऑक्टोबरअखेर पेरलेल्या शेतात उगवण चांगली दिसली तरी मुळे धरण्याची वेळ कोरड्यात येते.

एकदा धरली की ही मुळे चांगल्या जमिनीत दिवसाला साधारण दोन ते तीन सें.मी. खाली सरकतात. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत ती सव्वा ते दीड मीटरपर्यंत पोहोचू शकतात. त्यानंतर खाली जाणे जवळजवळ थांबते, कारण पानांत तयार झालेले अन्न आता दाण्याकडे वळते. म्हणजे खाली जाण्यासाठी पिकाला मिळतात ते पहिले दोन-अडीच महिनेच.

ताण पडला की मूळ काय करते

पाणी कमी पडू लागले की पानांची वाढ आधी मंदावते, मुळांची वाढ त्यानंतरही चालू राहते. झाड आपले अन्न वरून काढून खाली पाठवते. ताणाच्या सुरुवातीला पीक थोडे ठेंगणे दिसले म्हणून लगेच युरिया टाकायला धावू नये ते यासाठीच. कोरड्या वरच्या थरात टाकलेला युरिया मुळांपर्यंत पोहोचतही नाही.

मुळाच्या टोकाजवळच्या पेशी आपल्यात साखर आणि क्षार साठवतात, त्यामुळे कोरड्या पडत चाललेल्या मातीतूनही त्यांना पाणी ओढता येते. एकाच मुळाची एक बाजू ओल्या मातीला आणि दुसरी पोकळीला लागून असेल तर फुटवे ओल्या बाजूलाच जास्त फुटतात. वरच्या कोरड्या थरातील मुळांच्या सालीत मेणासारखा पदार्थ साठतो, म्हणजे खालून ओढलेले पाणी वाटेत कोरड्या मातीत झिरपून जात नाही. मक्यात तर मुळाच्या आतील काही पेशी मरून हवेच्या पोकळ्या तयार होतात. अशा पोकळ मुळाला जगवायला अन्न कमी लागते, आणि वाचलेल्या अन्नावर झाड आणखी खोल जाते.

मुळे कोणत्या कोनात निघतात यालाही महत्त्व आहे. पसरट निघालेली मुळे वरच्या थरात राहतात, उभी निघालेली खाली जातात. भातात हा कोन ठरवणारे एक जनुक फिलिपिन्समधील किनान्दांग पातोंग या जुन्या कोरडवाहू वाणात सापडले. ते उथळ मुळांच्या आयआर ६४ वाणात घातल्यावर त्याची मुळे खोल गेली आणि दुष्काळात उत्पादन टिकले. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडली गेली तेव्हा जनुकांची ही माहिती कोणाकडे नव्हती. कोरड्या वर्षातही कोणते ताट भरते, हे डोळ्यांनी पाहूनच निवड झाली.

खोलवरचे पाणी किती मोलाचे असते याचा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फुलोऱ्यानंतर १.३५ मीटरच्या खालून पिकाला फक्त १०.५ मि.मी. जादा पाणी मिळाले. तेवढ्याने हेक्टरी सुमारे ६२० किलो धान्य वाढले. पीक वेगळे आहे, पण दाणा भरताना मिळालेले थोडेसे पाणी किती काम करते ते यावरून कळते.

मुळे जास्त म्हणजे पीक चांगले, असे नाही

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. हरभऱ्याचे उदाहरण घेऊ. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आयसीसी ४९५८ हा लवकर आणि खोल मुळे सोडणारा हरभरा अनेक वर्षे दुष्काळ-सहनशील वाणांसाठी वापरला गेला, आणि त्याचा उपयोगही झाला. पुढे तिथेच झालेल्या अभ्यासात दिसले की शेवटच्या ताणात टिकणारे हरभऱ्याचे अनेक वाण सुरुवातीला पाणी कमी वापरतात आणि दाणे भरण्यासाठी ते राखून ठेवतात. साठा ठरलेलाच असेल तर तो डिसेंबरमध्येच संपवणारी मुळे जानेवारीत काय पिणार?

ज्वारीतही हेच आहे. दाट पेरलेले शेत डिसेंबरपर्यंत डोळ्यांत भरते. त्यातील प्रत्येक ताट पाणी पीत असते. ४५ × १५ सें.मी. अंतराने हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे बसतात. कोरडवाहूत याहून जास्त ठेवू नयेत आणि उगवणीनंतर १०-१२ दिवसांनी विरळणी चुकवू नये. उपटलेली रोपे पाहून जीव हळहळतो, पण ती ठेवली तर त्यांचा हिशेब कणसात चुकता करावा लागतो.

जमिनीची खोली तर त्याहून महत्त्वाची. हातभर मातीखाली मुरूम असेल तर दीड मीटर जाणारी मुळे जाणार कुठे? अशा हलक्या जमिनीत मालदांडीचा हट्ट धरू नये. तिथे ओल संपण्याआधी तयार होणारी फुले अनुराधा किंवा फुले माऊली घ्यावी. मध्यम जमिनीत मालदांडी किंवा फुले सुचित्रा, आणि भारी जमिनीत फुले वसुधा किंवा फुले यशोदा हे वाण बसतात.

काही भारी जमिनींत माती खोल असूनही मुळे वरच अडकतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट आणि ओल्या रानात ट्रॅक्टर यामुळे नांगराच्या तळाशी कडक थर बनतो. ओल असताना मूळ तो थर कसाबसा भेदते, वाळल्यावर मात्र नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दोन शेतांत असा फरक अनेकदा असतो. ताट उपटून पाहावे. मुळे एका पातळीवर येऊन आडवी वळलेली दिसली तर खाली कडक थर आहे, असे समजायला हरकत नाही.

खत पेरणीच्या वेळीच, दोन चाड्याच्या पाभरीने, ओलीत पडले पाहिजे. कोळपणी तीन, पाच आणि आठ आठवड्यांनी करावी. यातली तिसरी, दातेरी कोळप्याची, बरेच जण सोडून देतात. पण काळी जमीन भेगाळते ती त्याच सुमारास. भेगांतून खालची ओल उडते आणि भेग रुंदावताना मुळे तुटतात. दातेरी कोळप्याने भेगा बुजतात.

ताण वाढला आणि दाणे भरू लागले की खडखड्या रोगाची बुरशी मुळांतून ताटात शिरते. बुंधा आतून पोकळ होऊन ताट लोळते. मग धान्य तर जातेच, कडब्याचाही दर पडतो. दाणे भरण्यापर्यंत ओल पोहोचलेल्या शेतात हा रोग कमी दिसतो.

पुढच्या हंगामाआधी शेतात दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घेऊन पाहावा. माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, कडक थर कुठे आहे, ते अर्ध्या तासात कळते. पेरणीच्या आधी हातभर खालची माती मुठीत दाबावी. गोळा झाला तर ओल आहे. गोळा झाला नाही आणि माती भुरभुरून पडली, तर त्या रानात ज्वारीऐवजी कमी पाण्यावर येणाऱ्या करडईचा विचार करावा.