रस्ता कुणाचा? चालणाऱ्याचा!

चालणे आरोग्याला हितकारक असते, हे ज्ञान शहरातील सुखवस्तू वर्गाला अलीकडे नव्याने झालेले आहे. पहाटे मोटारीत बसून उद्यानापर्यंत जायचे, महागडे बूट घालून पाऊण तास फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा मोटारीनेच घरी यायचे, याला ‘आरोग्याची जागरूकता’ म्हणतात. चिकूच्या वाडीत कामाला, बाजाराला, शाळेला, दवाखान्याला रोज पायीच जाणाऱ्या आदिवासी-दलित कष्टकऱ्याला मात्र ‘मागासलेला’ म्हणतात. चालणे एकच, पण चालणाऱ्याच्या जातीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे त्याचे नाव बदलते! म्हणूनच पायी चालणे हा केवळ व्यायामाचा विषय आहे, असे आम्ही मानत नाही. सार्वजनिक रस्ता कुणाचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

या देशात रस्ता सर्वांचा कधीच नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून जाताना अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे. सवर्ण येताना दिसला, तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून अस्पृश्याला त्या रस्त्याने जाण्याचीही मनाई असे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ही हकीकत मांडली आहे. केरळातील वायकोमचा १९२४ चा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, तर देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे यासाठी होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नामांतराचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून निघाला, तोही पायीच. आमच्या चळवळीचा इतिहास हा चालणाऱ्या पायांचा इतिहास आहे.

आणि म्हणूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याच ओळीत ‘रस्ते’ हा शब्द आलेला आहे. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणावरही निर्बंध घालता येणार नाहीत, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. आज मडके नाही, झाडू नाही. पण भरधाव मोटारीचा भोंगा वाजला की पायी चालणाऱ्याने चिखलात उतरायचे, ही रीत जुन्या ‘बाजूला हो’पेक्षा वेगळी आहे काय?

डहाणू-तलासरीचे उदाहरण घेऊ. तलासरी तालुक्यात दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत. याच तालुक्यातील झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. तेव्हा त्यांना आणायला मोटारी नव्हत्या. रानावनातून ते पायीच आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा आला, त्यातही आदिवासींचीच संख्या मोठी होती. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटच्या रात्री ते झोप न घेता चालत आझाद मैदानावर पोहोचले. त्या फोड आलेल्या पायांचे मुंबईने कौतुक केले. कौतुक झाले, पण त्या पायांसाठी गावात रस्त्याची कड कुणी बांधून दिली?

डहाणू शहराला लागून असलेल्या आगरसारख्या गावातून बाजारपेठ आणि रेल्वे स्थानक पायी गाठता येण्याजोगे आहे. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. म्हणजे घर ते स्थानक पायी आणि पुढे रेल्वे, असा स्वस्त आणि धूर न सोडणारा प्रवास येथे सहज शक्य आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. जेथे हवा जपण्याचा कायदा आहे, तेथे चालणाऱ्याचा मान पहिला असायला हवा. प्रत्यक्षात सुटीच्या दिवशी किनाऱ्याकडे धावणाऱ्या पर्यटकांच्या मोटारींना वाट देत डोक्यावर भारा घेतलेल्या बाईने कडेच्या मातीत उतरायचे, हेच चित्र दिसते.

चालण्याने शरीराला काय मिळते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. गंमत अशी की त्याचा पहिला मोठा पुरावा कामगारांनीच दिला. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. त्याने रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका कमी होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. खासगी इस्पितळाची पायरी ज्याला परवडत नाही, त्याला बिनपैशाच्या या औषधाची गरज सर्वांत जास्त आहे.

पण पोटात अन्न आणि पायाखाली सुरक्षित वाट असेल, तरच चालणे औषध ठरते. उपाशीपोटी, डोक्यावर ओझे घेऊन, महामार्गाच्या साईडपट्टीवरून चालणे म्हणजे व्यायाम नव्हे. ती सक्तीची मजुरी आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशभर रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दररोज सुमारे नव्वद. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे मोटार अपघातात निधन झाले. ते दुःखदच होते. त्यानंतर मागच्या सीटवरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली, तीही योग्यच. परंतु रोजच्या त्या नव्वद माणसांसाठी अशी चर्चा कधी झाली? मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीने वाढतो. म्हणजे वेग कमी करणे हाच त्याचा जीव वाचवण्याचा पहिला उपाय आहे.

कायदा आणि नियम नाहीत, असे कुणी सांगू नये. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे, असे बजावले. कागद भक्कम आहे. पायाखाली मात्र खड्डा आहे!

आता वाढवण बंदराची ७६ हजार कोटींची योजना आली आहे. बंदराकडे जाणारे रुंद रस्ते कंटेनरसाठी होतील. त्या रस्त्यांनी गाव आणि शाळा, पाडा आणि दवाखाना यांची ताटातूट झाली, तर पलीकडे जायचे कसे? भुयारी मार्ग, झेब्रा क्रॉसिंग आणि दिवे यांची तरतूद आराखड्यातच हवी. माणसे मेल्यावर नव्हे.

वाचकहो, डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. ग्रामसभेत रस्त्याचे काम मंजूर होताना फूटपाथ किती रुंद आहे, हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शाळेसमोर वेगमर्यादा आणि गतिरोधक मागा. लांबच्या पाड्यांसाठी एस.टी. मागा, कारण दहा किलोमीटर चालायला लावणे म्हणजे आरोग्यसेवा नव्हे. मात्र फूटपाथच्या नावाखाली भाजीवाल्या बायांना हुसकावू देऊ नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्काची जागा दिली आहे. चालणारा आणि विकणारा हे दोघेही आपलेच आहेत.

चवदार तळ्याचे पाणी चाखण्याआधी आपल्या माणसांना तेथवर चालत जावे लागले होते. त्या चालण्यातूनच हक्काचा रस्ता तयार झाला. तो रस्ता मोटारवाल्यांना आंदण देण्यासाठी नाही. ताठ मानेने आणि जिवाची भीती न बाळगता त्याच्यावरून चालता आले पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती पूर्ण होईपर्यंत मागत राहणे हे आपले काम आहे.